शिक्षकांचे प्रश्न : एआय शिकायचं, पण कसं?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. प्रोग्रॅमिंग येत नाही. एआय शिकायला सुरुवात कुठून करू?

प्रोग्रॅमिंग लागत नाही. हेलसिंकी विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ साली सुरू झालेला 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा. त्यातला संभाव्यतेचा भाग जड गेला तर तूर्त सोडून पुढे जा.

खरं शिक्षण मात्र स्वतःच्या धड्यावरच होतं. तोंडपाठ असलेला धडा घ्या, म्हणजे चूक लगेच पकडता येते. चॅटजीपीटीसारख्या एआय चॅटबॉटला त्यावर 'प्रश्न काढून दे' एवढंच लिहिलंत तर गुळमुळीत प्रश्न येतील. त्याऐवजी असं लिहा : 'इयत्ता आठवी, सपाट आरसा, पाच बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येक चुकीचा पर्याय मुलांच्या एखाद्या नेहमीच्या गैरसमजातून आलेला हवा. तो गैरसमज शेजारी लिही.'

आता आलेलं तपासा. 'वस्तू आरशासमोर ३० सेंमीवर आहे, तर प्रतिमा कुठे?' याला 'आरशामागे ३० सेंमी' आणि 'वस्तूपासून ६० सेंमी' असे दोन पर्याय मिळू शकतात, आणि दोन्ही बरोबर! मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागची एआय प्रणाली, पुढचा संभाव्य शब्द निवडत वाक्य रचतं. चारही पर्याय एकमेकांशी ताडून पाहिलेच असतील, याची खात्री नसते. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांबलचक असणं हीही नेहमीची खोड. हुशार मुलं धडा न वाचता तेवढ्यावर गुण मिळवतात.

उपाय सोपा आहे. नवा चॅट उघडा, उत्तरं काढून प्रश्न त्यात टाका आणि सोडवायला सांगा. उत्तर बदललं तिथे प्रश्नात गोम आहे असं समजून स्वतः बघा. जुळलेलंही एकदा नजरेखालून घाला, कारण एकच चूक दोन्हीकडे होऊ शकते. नवा चॅट अशासाठी, की जुन्यात आधीचं उत्तर समोर असतं आणि मॉडेल त्यालाच धरून बसतं.

प्रश्न : निबंध एआयकडून लिहून आणलाय का, हे ओळखणारं सॉफ्टवेअर वापरू का?

त्याच्या भरवशावर कुणाला दोषी धरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन जुलै २०२३मध्ये बंद केलं, कारण अचूकता कमी. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्यापैकी २६ टक्केच मजकूर पकडला गेला होता आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर एआयचा ठरला होता. परक्या भाषेत साधी, ठरावीक वाक्यं लिहिणारी मुलं अशा साधनांच्या तावडीत जास्त सापडतात. त्यापेक्षा कच्चा खर्डा मागा आणि त्यातलाच एक परिच्छेद वर्गात दहा मिनिटांत पुन्हा लिहायला द्या. 'हेच उदाहरण का घेतलंस?' असं तोंडी विचारलं तरी बरंच कळतं.

प्रश्न : मुलांच्या हाती एआय कोणत्या वयात द्यावं?

युनेस्कोच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं सुचवली आहेत. प्रत्येक सेवेची वयाची अट वेगळी असते, तीही वाचा. आणि गुणपत्रक चॅटमध्ये टाकण्याआधी मुलांची नावं खोडा.