फेरफार नोंदीसाठी तलाठी पैसे मागतोय. तक्रार कुठे करायची?

पैसे देऊ नका. थोडी मुदत मागून घ्या आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. हा क्रमांक टोल-फ्री आहे. आधी पंचासमोर मागणीची पडताळणी होते, मग सापळा. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. पैसे घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. नोटा तुमच्याच, पण ती रक्कम सरकार परत देतं.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावीच लागली असेल, तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवा. अर्जाची पोच आणि कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा. नोंद हा तुमचा हक्क आहे, घाबरू नका.