केमो पोर्ट फ्लश केल्यावर थंडी वाजून ताप येतो. पोर्ट काढावाच लागेल का?

केमो पोर्ट म्हणजे केमोचे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी, जिची नळी मोठ्या शिरेत जाते. ती तुंबू नये म्हणून सुईने सलाइन सोडून धुतात, तो फ्लश. फ्लश झाल्यावर तासाभरात आईंना हुडहुडी भरते, रात्रीतून ताप उतरतो आणि जवळचे डॉक्टर त्याला व्हायरल म्हणतात, असे आपण लिहिले आहे. व्हायरल ताप फ्लशची वेळ बघून येत नाही. नळीच्या आत जंतूंचा चिकट थर धरलेला असला, की फ्लशच्या दाबाने ते थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ढकलले जातात. वरची कातडी लाल नाही, दुखत नाही, यावर विसंबू नये.

माझ्या पत्नीची केमो मुंबईत चालू होती, पण मधला फ्लश आम्ही गावातल्या एका नर्सिंग होममध्ये करून घेत असू. तेथील सिस्टरने ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने आधी पडदा सारला, मग त्याच हाताने स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून, जागा वाळायच्या आत सुई टोचली. मी हटकले तेव्हा "काका, आम्ही रोज करतो हे" असे उत्तर मिळाले. घरी पोहोचेपर्यंत पत्नीचे दात वाजू लागले. माझ्या मेहुण्यांचे औषधांचे दुकान आहे. मी कामावरून परतण्याआधीच त्यांनी बहिणीला अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. ताप उतरला, मेहुणे खूश झाले आणि पुढच्या फ्लशला सगळे पुन्हा तसेच घडले.

त्या वेळी मात्र मी गोळी देऊ दिली नाही आणि तिला थेट मुंबईला नेले. तिथे पोर्टमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी, सारखेच रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, घेतले. पोर्टमधल्या रक्तात जंतू हातातल्या रक्ताच्या किमान 2 तास आधी वाढले, तर उगम पोर्टमध्येच आहे असे धरतात, आणि तिचे तसेच निघाले. आधी गोळ्या पोटात गेल्या, की हीच तपासणी फसवी ठरू शकते, हे मेहुण्यांना आजही पटत नाही. उलट "पोर्ट बसवलाच नसता तर?" असे ते विचारतात. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध हाताच्या शिरेबाहेर झिरपले तर मांस सडते, आणि हातातून घातलेल्या, तोंड बाहेर राहणाऱ्या पिक लाइनपेक्षा पोर्टमध्ये संसर्ग एकंदरीत कमी होतो. दोष पोर्टचा नव्हता, हाताळणीचा होता.

काढावा लागेल का, हे जंतूवर ठरते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू किंवा कँडिडा ही बुरशी निघाल्यास, अथवा पोर्टच्या कप्प्यात पू झाल्यास, सहसा काढतातच. पत्नीच्या रक्तात त्वचेवर एरवीच राहणारा, सौम्य जातीचा स्टॅफिलोकोकस निघाला, म्हणून शिरेतून औषध आणि नळीत अँटिबायोटिक लॉक (अँटिबायोटिक नळीत भरून काही वेळ तसेच ठेवणे) देऊन पोर्ट वाचवता आला. कल्चरचा निकाल येईपर्यंत आईंच्या पोर्टला गावात कोणालाही हात लावू देऊ नका.

मी डॉक्टर नाही, हे लक्षात घ्यावे. शिवाय केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर आईंना ताबडतोब रुग्णालयात न्या. तिथे कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. कल्चर घेण्यात अडचण आली तरी औषध थांबवू नये. इतक्यापुरती मेहुण्यांची घाई मला मान्य आहे, पण ते औषध शिरेतून द्यायचे असते आणि त्यांच्या दुकानात सलाइन लावत नाहीत.