पूरसंरक्षण म्हणजे पुराचे रक्षण नव्हे

आर या लहानशा जर्मन नदीविषयीच्या लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की 'होखवासरशुट्स' या जर्मन संज्ञेसाठी 'पूरनियंत्रण' लिहावे की 'पूरसंरक्षण'. दुसऱ्या शब्दावर त्यांच्या संपादकांचा आक्षेप असा, की वनसंरक्षण म्हणजे वनाचे रक्षण असेल, तर पूरसंरक्षण म्हणजे पुराचेच रक्षण होईल. नदीचे नाव 'अहर' असे छापलेले आपण पाहिले आहे, ते बरोबर आहे का, अशीही त्यांची एक शंका आहे.

नावाचा निकाल एका वाक्यात लागतो. जर्मन लेखनात अशा ठिकाणी स्वरानंतर येणारा 'ह' उच्चारला जात नाही, तो आधीचा स्वर दीर्घ असल्याची केवळ खूण असतो, म्हणून नदी 'आर' आणि तिच्या काठचे गाव 'आरवायलर'. रोमन अक्षरे एकेक करून देवनागरीत उतरवली म्हणजे लिप्यंतर झाले, अशी समजूत असणाऱ्यांनीच 'अहर' रूढ केले आहे.

आता संपादकमहाशयांचा आक्षेप. सामासिक शब्दाची विभक्ती अर्थावरून ठरते, शेजारच्या दुसऱ्या शब्दाकडे पाहून नव्हे. 'पादत्राण' म्हणजे पायांचे रक्षण करणारे, आणि 'आतपत्र' म्हणजे छत्री, उन्हापासून रक्षण करणारी. धातू दोन्हीकडे 'त्रै' हाच, पण छत्री उन्हाचे रक्षण करते असे आजवर कोणाला वाटलेले नाही. 'भीत्रार्थानां भयहेतुः' या सूत्रात पाणिनीने भय आणि रक्षण या अर्थांच्या धातूंबरोबर भयाचे कारण अपादान मानले आहे, म्हणजे त्याला पंचमी, '-पासून' या अर्थाची विभक्ती, मिळते. पूर हे भयाचे कारण आहे, वन नाही. 'पञ्चमी भयेन' या सूत्राकडे बोट दाखवून पंचमीचा समास फक्त 'भय' शब्दाशीच होतो असे कोणी म्हणेल, तर त्याने पुढचेच सूत्र वाचावे, त्यात 'मुक्त' वगैरे शब्दांशीही असा समास सांगितला आहे, आणि 'ऋणमुक्त', म्हणजे ऋणापासून मुक्त, कुठून आला ते पाहावे. गंमत म्हणजे खुद्द जर्मनमध्येही हीच स्थिती आहे. 'नाटूरशुट्स' म्हणजे निसर्गाचे रक्षण आणि 'होखवासरशुट्स' म्हणजे चढलेल्या पाण्यापासून रक्षण. उत्तरपद तेच, नाते उलटे, आणि तिथल्या एकाही संपादकाची त्यामुळे झोप उडालेली नाही.

तेव्हा 'पूरसंरक्षण' निर्दोष आहे. सदोष आहे तो 'पूरनियंत्रण', निदान या नदीच्या बाबतीत. आपल्याकडे हा शब्द इतका सैल झाला आहे की नाल्यातला गाळ काढणे, नावा सज्ज ठेवणे आणि दूरध्वनीजवळ माणूस बसवणे ही सगळी कामे त्याच नावाने चालतात. नियंत्रण म्हणायचे तर हाती काहीतरी असावे लागते, म्हणजे धरण, दरवाजे आणि किती पाणी कधी सोडायचे हे ठरवण्याची सोय. आरच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरणच नाही. ही नदी आयफेल डोंगराळ प्रदेशात ब्लांकेनहाइम गावी उगम पावते, तोही अठराव्या शतकातील एका लाकडी चौकटीच्या घराच्या तळघरात, आणि साधारण 85 किलोमीटर वाहून झिंत्सिगजवळ ऱ्हाइनला मिळते. पाणलोट क्षेत्र जेमतेम 900 चौरस किलोमीटर. पण जमीन पाटीच्या दगडाची, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र आणि उपनद्या आखूड. त्यामुळे जोराचा पाऊस मुरण्याआधीच खाली येतो. आल्टेनआरजवळ नदी खडकात इतकी घट्ट वळणे घेते की पाण्याला बाजूला पसरायला जागाच उरत नाही. त्याच उतारांवर द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या आहेत, आणि तळाच्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रेल्वे, घरे व नदी यांची दाटी आहे.

इथेच 'पूर' या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. पूर म्हणजे वाहणे नव्हे, पूर म्हणजे भरणे. संस्कृत 'पॄ' या धातूपासून 'पूर्ण' आला, 'पूरण' आला आणि 'पूर' आला. जर्मन 'फोल', म्हणजे भरलेला, हा आपल्या 'पूर्ण'चा सख्खा भाऊ आहे. मूळ रूप एकच, तिकडे 'ल' राहिला आणि इकडे 'र' झाला. मराठीत या कुळाचा विस्तार मोठा आहे. पुरे, पुरेसा, पुरता, पुरवठा, पुरवणी, खड्डा पुरणे, आणि पोळीत भरायचे ते पुरण. बियांनी गच्च भरलेले महाळुंग संस्कृतात 'बीजपूर' आहे. तुपाने भरलेला पदार्थ तो 'घृतपूर', आणि त्याचाच झिजून 'घेवर' झाला. मिठाईच्या दुकानातील घेवर आणि नदीचा पूर यांत शेवटचे पद एकच आहे, हे सांगितल्यावर पुष्कळांना थट्टा वाटते, पण ती थट्टा नाही.

काही अभ्यासक पूर, प्लव, प्लावन हे सगळे एकाच गाठोड्यात बांधून सर्वांचा अर्थ 'वाहणे' असा लावतात. हा निव्वळ आळस आहे. 'प्लु' धातू तरंगण्याचा, पोहण्याचा. जर्मन 'फ्लूट' हा शब्द त्याच्या गोतातला. 'पॄ' भरण्याचा. या दोहोंची सरमिसळ करणाऱ्यांना 'पुरणपोळी'चा अर्थ तरंगती पोळी असा लावावा लागेल. माझे स्वतःचे मत याहून पुढे जाते आणि ते सर्वांना पटत नाही, याची मला कल्पना आहे. ज्या मुलखात नद्या सपाटीवर पसरतात तिथे पाणी 'आले' असे म्हणतात. जिथे दोन्ही बाजूंना कडे असतात तिथे दरी 'भरते', आणि 'पूर' हा शब्द अशाच दरीचा असावा. त्याला लेखी पुरावा मिळणे कठीण आहे, परंतु आरच्या खोऱ्यात 2021 साली जे घडले ते या शब्दाच्या व्युत्पत्तीइतके दुसऱ्या कशानेच नेमके सांगता येत नाही.

त्या वर्षी 14 जुलैच्या संध्याकाळी आणि त्यानंतरच्या रात्री ही दरी अक्षरशः भरली. आल्टेनआर येथील पाणीपातळी मोजणाऱ्या केंद्रावर तोपर्यंतचा उच्चांक जून 2016 मधला 3.71 मीटर होता. या रात्री यंत्राने 5.75 मीटरची नोंद पाठवली आणि मग ते यंत्रच वाहून गेले. नंतर भिंतींवरच्या खुणांवरून पाणी 10 मीटरच्या आसपास चढले असावे असा अंदाज बांधण्यात आला. उन्मळलेली झाडे, मोटारी, तळांवरच्या फिरत्या घरगाड्या आणि गॅसच्या टाक्या पुलांच्या कमानींत अडकल्या, पुलांचे बांध झाले, त्यामागे पाणी तुंबले आणि बांध फुटला की ते एकदम खाली सुटले. केवळ या खोऱ्यात किमान 134 माणसे दगावली. त्यांत झिंत्सिगमधील अपंगांच्या निवासातील 12 जण होते. रेख गावातील अठराव्या शतकातला दगडी कमानींचा नेपोमुक पूल 1910 च्या पुरात टिकला होता. या वेळी त्याची एक बाजू गेली आणि उरलेला भाग पुढे 2023 मध्ये पाडण्यात आला, कारण रुंद खांब आणि अरुंद कमानी पुन्हा कचरा अडवणार होत्या.

'होखवासर' या शब्दाची मर्यादाही इथे दिसते. तो शब्दशः 'उंच पाणी' असा मोजपट्टीचा शब्द आहे, आणि मोजपट्टी कोणत्या वर्षापासून लावली यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो. या नदीवरील 'शतवार्षिक' पुराचे गणित 1947 पासूनच्या सलग मोजमापांवर बेतलेले होते. जुलै 1804 मध्ये 63 आणि जून 1910 मध्ये किमान 52 माणसांचे बळी घेणारे पूर त्यात धरलेलेच नव्हते. दोन्ही वेळा पाणी किती चढले होते याच्या खुणा जुन्या कागदपत्रांत आणि भिंतींवर होत्या, आणि बॉन विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञांनी 2021 च्या कित्येक वर्षे आधी त्यांवरून 1804 च्या पुराचा विसर्ग सेकंदाला 1000 घनमीटरांहून अधिक असावा असा हिशेब मांडलेला होता. धोक्याच्या नकाशांनी मात्र तो विचारात घेतला नाही.

याच संदर्भात ज्या चुकीने माझे डोके सर्वांत जास्त उठते ती सांगून टाकतो. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे नदीकाठी तीस वर्षे घर करून राहणाऱ्याच्या वाट्याला तो येण्याची शक्यता जवळजवळ 26 टक्के. आपल्याकडची लाल पूररेषासुद्धा याच शंभराच्या हिशेबाने आखलेली असते आणि तिच्याबद्दलही हाच गैरसमज पसरलेला आहे. 'शतवार्षिक पूर' हा शब्द म्हणूनच भाषांतरात टाळावा आणि 'दर वर्षी 1 टक्का शक्यतेचा पूर' असे लांबलचक असले तरी लिहावे. लांबी हा शब्दाचा दोष नसतो, खोटेपणा असतो.

आणखी एक संज्ञा त्या लेखात नक्की भेटेल, ती म्हणजे 'र्‍युकहाल्टेबेकन'. 1910 नंतर 1920 च्या दशकात आरच्या उपनद्यांवर अशा बांधकामांची योजना झाली होती, पण ती बांधली गेली नाहीत. 2021 नंतर ती पुन्हा चर्चेत आली आहेत. त्यासाठी 'धरण' लिहू नये. वर्षभर कोरडे राहून फक्त पुराचे पाणी काही तास अडवायचे आणि मग हळूहळू सोडायचे, असे ते काम आहे. 'पूरधारण तलाव' हा त्याला योग्य शब्द. त्याने नदी ताब्यात येत नाही, खालच्या गावाला थोडा वेळ मिळतो आणि पाण्याची उंची थोडी कमी होते.

आणि जोडून लिहिताना 'पूरसंरक्षण', 'पूरग्रस्त', 'पूररेषा' यांत 'पू' दीर्घच ठेवावा. सामान्यरूपात तो 'पुराचा' असा ऱ्हस्व होतो म्हणून समासातही ऱ्हस्व करणारे 'पुरग्रस्त' लिहितात, आणि त्याचा अर्थ नगराने पछाडलेले लोक असा होतो.