डॉ. लागूंनी डॉक्टरकी सोडली, पण कधी?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत त्याला अभिनयाचं बक्षीस मिळालं, तेव्हापासून अभ्यासातलं लक्ष उडालंय. आता म्हणतो, कॉलेज सोडून मुंबईला जातो, नटच व्हायचंय. समजवायला गेलं की एकच उत्तर, 'डॉ. श्रीराम लागूंनी नाही का डॉक्टरकी सोडली?' त्याच्या बाबांनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरलाय. आम्ही साताऱ्याचे, घरात नाटकाचं वारं कुणालाच नाही. त्याची एकांकिकाही आम्ही पाहिलेली नाही. काय करावं? – एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलानं नाव मोठं घेतलंय आणि ते घ्यावं असंच आहे. डॉक्टर लागू तुमच्याच साताऱ्यात जन्मले, 16 नोव्हेंबर 1927 ला. शिकले पुण्यात, बी. जे. मेडिकलला. तेव्हा मुलाला हे नाव घेऊ नको म्हणू नका. उलट म्हणा, घेतलंयस ना, मग सगळं आयुष्य घे, सोयीचं एक वाक्य उचलू नकोस.

डॉक्टर लागूंनी एमबीबीएस अर्धवट सोडलं नाही. ते पूर्ण केलं, त्यावर एमएस केलं, कान-नाक-घशाचे सर्जन झाले. पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा-इंग्लंडला जाऊन आले. पुण्यात प्रॅक्टिस केली, आफ्रिकेत टांझानियातल्या टबोराला नोकरी केली. पूर्णवेळ नट झाले ते 1969 मध्ये, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून. तेव्हा ते बेचाळिशीला टेकले होते. तुमचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल.

पण थांबा, एवढं वाचून लगेच त्याला फोन लावू नका. 'बघ, त्यांनीसुद्धा आधी डिग्री घेतली' हे अर्धंच आहे. अशी अर्धी गोष्ट त्याच्या तोंडावर फेकली, तर तोही तुमच्याशी अबोला धरेल. उरलेली अर्धी अशी, की त्या सगळ्या वर्षांत डॉक्टरांनी नाटक सोडलं नव्हतं. कॉलेजात असल्यापासून ते नाटकात होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भालबा केळकरांबरोबर त्यांनी पुण्यात पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली. पुढे मुंबईत 'रंगायन' या नाट्यसंस्थेत काम केलं. दिवसा पेशंट आणि संध्याकाळी तालीम, असं वर्षानुवर्षं. प्रॅक्टिस सोडली तेव्हा त्यांच्या गाठीशी वीसेक वर्षांचं नाटक होतं. लोकांना त्यांची उडी दिसते, त्यामागचं धावणं दिसत नाही.

म्हणून तर 23 डिसेंबर 1970 ला गोवा हिंदू असोसिएशननं शिरवाडकरांचं 'नटसम्राट' रंगमंचावर आणलं, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा हा माणूस गणपतराव बेलवलकर नावाचा थकलेला, घरातून उठवला गेलेला म्हातारा म्हणून उभा राहू शकला. ती लांबलचक स्वगतं नुसती पाठ करून म्हणता येत नाहीत. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे चढवायचा, आणि चढवल्यावर पुढच्या दोन तासांसाठी तो शिल्लक कसा ठेवायचा, हे अंगात मुरायला वर्षं जावी लागतात.

मुलाला वाटत असेल की बक्षीस मिळालं म्हणजे अभिनय येतो, तर त्याला घेऊन एकदा 'सामना' बघा. जब्बार पटेलांचा सिनेमा आहे, समोर निळू फुले. डॉक्टरांचा तो दारूत बुडालेला, हरलेला मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो. प्रत्येक वेळी तो प्रश्न वेगळ्या वजनाचा येतो. मी तो प्रसंग मागे नेऊन नेऊन पाहिलाय, आणि दर वेळी वाटतं, हे एका बक्षिसात येत नाही.

आणि निळूभाऊंकडेही बघा. ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. म्हणजे मेडिकल कॉलेजच, पण बागेतून. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकातून, लोकनाट्यातून ते वर आले. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. म्हणून पदवी घेतल्याशिवाय नट होता येत नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल.

मग मी कॉलेज सोडू नये असं का म्हणतेय? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशाला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात एमए करायचं तरी पदवी हवीच. आज कॉलेज सोडलं तर कुठलीतरी दुसरी पदवी शोधत पहिल्यापासून सुरुवात. एमबीबीएस ही पदवीच आहे, आणि ती हातात येईल तेव्हा तो जेमतेम चोवीसचा असेल. शिवाय सीट सोडली तर दंडाचे आणि बंधपत्राचे नियम असतात. ते ऐकीव माहितीवर ठेवू नका, कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारा.

'मुंबईला जातो' या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. मुंबईत कुठे? कुणाकडे? सुरुवातीच्या नटाला नाटकात मिळते ती नाइट, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. प्रयोग नाही त्या दिवशी काही नाही. मालिकेच्या ऑडिशनला तासन् तास रांगेत बसावं लागतं. हे करायला हरकत नाही, हजारो जण करतात. पण खोलीचं भाडं कोण भरणार, हे त्यानं कागदावर लिहून तुमच्यासमोर ठेवायला हवं.

आता एक नाजूक गोष्ट. त्याला शांतपणे विचारा, पहिल्या वर्षी कुठल्या विषयात अडकला होता का, होस्टेलवर काही त्रास आहे का, झोप लागते का. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत 'मला नट व्हायचंय' याच्या खाली 'मला इथून सुटायचंय' हे दडलेलं होतं. तसं असेल तर त्याला आधी आधार आणि गरज पडली तर समुपदेशक हवा. नाटकाचं नंतर बघू. आणि चार महिन्यांनी, सगळं नीट बोलून झाल्यावरही, वैद्यकीय शिक्षण त्याला खरोखरच नको असेल, तर सोडू द्या. पण नाट्यशिक्षणाच्या पक्क्या प्रवेशासाठी सोडू द्या, मोकळ्या हातांनी मुंबईसाठी नको.

तो खरंच नाटकाचा आहे की नाही, हे ओळखायला मी एक प्रश्न विचारते : तालमीत तुझा प्रवेश नसतो तेव्हा तू काय करतोस? एका मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, मोबाईल बघतो. एका मुलीनं सांगितलं, 'प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे कुणी अडलं की वाक्य सुचवते. सगळ्यांची वाक्यं पाठ झालीत, परवा एक जण आली नाही तर मीच उभी राहिले.' ती मुलगी आज नाट्यशास्त्र शिकवते. तुमच्या मुलाला एक वही घ्यायला सांगा. पुढचे चार महिने, तालीम किती तास, आवाजावर काय केलं, कुठलं नाटक वाचलं, कुणाचा प्रयोग पाहिला, आणि त्याच दिवशी वॉर्डात काय शिकला, रोज चार ओळी. पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धांसाठी कॉलेज सोडावं लागत नाही, कॉलेजात असावंच लागतं. ही संधी पुढे मिळत नाही, हेही त्याला सांगा. चार महिन्यांनी वही घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि त्याच्या बाबांना माझा निरोप द्या. अबोल्यानं मुलगा घरापासून दूर जाईल, नाटकापासून नाही. तुम्ही त्याची एकांकिका पाहिलेली नाही असं लिहिलंय, ते वाचून मला वाईट वाटलं. पुढचा प्रयोग असेल तेव्हा दोघंही सकाळची एसटी पकडून पुण्याला या. प्रयोग संपल्यावर लगेच भविष्याचं काही बोलू नका. मेकअप पुसून होईपर्यंत बाहेर थांबा आणि त्याला जेवायला घेऊन जा.