कलम ८७-अ ची सवलत खात्यात जमा होते का?

उत्पन्न १२ लाखांच्या आत असूनही टीडीएस (उत्पन्न हाती येण्याआधीच कापला जाणारा कर) कापला गेला, तर प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८७-अ ची सवलत खात्यात कधी येते, असे आपण विचारले आहे. ही सवलत रोखीने मिळतच नाही; ती करातून वजा होते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर ६०,००० रुपये कर बसतो आणि निवासी व्यक्तीला तो सगळाच माफ होतो. मात्र अनिवासींना ही सवलत नाही, आणि शेअरविक्रीच्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्यावरील करालाही ती लागत नाही (पुष्कळजण फसतात ते इथेच). खात्यात येतो तो कापलेल्या टीडीएसचा परतावा, ज्यासाठी विवरणपत्र भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करावे लागते आणि बँक खाते प्राप्तिकर पोर्टलवर प्रमाणित असावे लागते.