नॉर्मनला येतेस? मग जरा ऐक

अगं म्हटलं तर चालेल ना? प्रश्नावरून वयानं लहान वाटतेस. नवऱ्याला अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या नॉर्मनला नोकरी, मुलगी दुसरीत, एप्रिलमध्ये निघायचं, आणि 'तिथे टोर्नेडो येतात म्हणे, मुलीला घेऊन राहण्यासारखं आहे का?' एवढंच तू विचारलंयस. 'आहे, ये' असं लिहून मोकळी होणार होते. तीन दिवस झाले, ते काही जमेना. म्हणून हे लांबण.

सायरन वाजल्यावर घरात कुठे बसायचं, वॉच म्हणजे काय आणि वॉर्निंग म्हणजे काय, हे सरकारी पानांवर चित्रांसकट आहे. ते वाच. मी त्यात दोनच गोष्टींची भर घालते. बसताना पायात बूट हवेत, कारण नंतर बाहेर पडताना सगळीकडे काचा असतात. आणि डोक्याला हेल्मेट. आमच्याकडे नाशिकहून आणलेलं क्रिकेटचं हेल्मेट आहे. ते घालून माझा मुलगा क्रिकेट एकदाही खेळला नाही, सायरन वाजला की बाथटबमध्ये मात्र चिकार बसलाय.

एक सांगते, घरच्यांना समजावताना 'चक्रीवादळ' म्हणू नकोस. चक्रीवादळ समुद्रावरून येतं, चार दिवस आधी नाव घेऊन येतं. हे बिननावाचं. वावटळ म्हणावं तर ती जमिनीवरून वर उठते, हे ढगातून खाली उतरतं. मी आईला 'वादळ' एवढंच सांगते, आणि तेही फारसं सांगत नाही. त्यावर पुढे येतेच.

इथला वसंत म्हणजे आपल्या वळवासारखंच काहीतरी, असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. दुपारभर उकाडा, मग पश्चिमेला ढग. पण इथे दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा येतो, पश्चिमेकडून वाळवंटी कोरडा, आणि दोघांची गाठ पडते ती रेघ म्हणजे ड्रायलाइन. वर गरम हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो, त्याला हे लोक 'कॅप'च म्हणतात. झाकण घट्ट बसलं तर दिवसभर नुसता घाम. संध्याकाळी चारला उडालं, तर तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेनं वाहत असला की तो अख्खा ढगच गरगरायला लागतो. त्यातल्या थोड्याच ढगांतून टोर्नेडो उतरतो. कोणत्या, हे अजूनही कुणाला छातीठोक सांगता येत नाही.

हे मला कसं कळतं? तर बेकारीमुळे. २०११ साली मी एच-४ वर आले, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. तेव्हा आम्हाला नोकरी करायची मुभाच नव्हती. दुपारी घर खायला उठायचं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहायचे, हॅम रेडिओवाले. गॅलरीत उभी राहून मी पश्चिमेला बघत बसते हे त्यांनी हेरलं. आता निफाडच्या द्राक्षबागायतदाराची लेक पश्चिमेला बघणार नाही तर काय करणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचे आबा जेवता जेवता उठून आभाळ बघून यायचे. एका गारपिटीत तोडणीला आलेली बाग अर्ध्या तासात झोडपून निघाली, तेव्हा मी नववीत होते.

आजोबांनी मला स्कायवॉर्नच्या, म्हणजे वादळ बघून हवामान खात्याला कळवणाऱ्या स्वयंसेवकांच्या वर्गाला नेलं. एका संध्याकाळचा वर्ग, फुकट, व्हिसा विचारत नाहीत. ढगाचा कोणता भाग बघायचा, काय कळवायचं आणि मुख्य म्हणजे काय कळवायचं नाही, ते शिकवतात. तिथून मला वादळवेड्यांचं टोळकं मिळालं. स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, म्हणजे अख्ख्या अमेरिकेच्या वादळांचा अंदाज जिथून निघतो ते ठिकाण, आपल्या नॉर्मनमध्येच विद्यापीठाच्या आवारात आहे, त्यामुळे या गावात हवामानाचं वेड घरोघरी. सकाळी उठून त्यांचा नकाशा बघायचा: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, आणि सगळ्यांत वाईट तो राणी रंग. मग मेसोनेट, म्हणजे हवामान मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं. राज्याच्या ७७ काउंट्यांपैकी प्रत्येकीत निदान एक केंद्र, दर पाच मिनिटांनी नवे आकडे. ड्यू पॉइंट, म्हणजे हवेत बाष्प किती ते सांगणारा आकडा, फॅरनहाइटमध्ये साठीच्या वर गेला की टोळक्यात निरोपानिरोपी सुरू. अंदाज फसला की त्याला 'बस्ट' म्हणतात, आणि बस्ट झाल्यावर या लोकांचे चेहरे लग्न मोडल्यासारखे पडतात. मला सुरुवातीला ते किळसवाणं वाटायचं. कुणाचं तरी घर वाचलं म्हणून तोंड पाडून बसायचं? दुसऱ्या वर्षी माझंही तोंड पडायला लागलं. आबांना हे कधीच सांगू शकले नाही.

आता २० मे २०१३. सोमवार. हे लिहायचं नव्हतं.

त्याआधी परवान्याचं सांगायला हवं. इथे मोटारीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. माझा वाहन परवाना व्हिसाच्या तारखेपर्यंतचा, व्हिसाची मुदतवाढ अर्जात अडकलेली. परवान्याच्या ऑफिसात तीनदा गेले. खिडकीतली बाई गोड हसून म्हणायची, तुमचं नाव अजून सिस्टिममध्ये पडताळून येत नाही, दोन आठवड्यांनी या. म्हणजे गाडी दारात आणि मी घरात. तू मुदतवाढीचे कागद सहा महिने आधीच हातात घे, नवऱ्यावर सोडू नकोस.

त्या दुपारी पावणेतीनच्या सुमारास वॉर्निंग आली. मुलगा पहिलीत, शाळा घरापासून पाच किलोमीटर. रडारवर ढगाचा आकडा दिसत होता, गळासारखा वळलेला, त्याला हुक एको म्हणतात. थोड्या वेळानं आकड्याच्या टोकाशी गोळा दिसायला लागला. तो पाऊस नव्हता. रडारला दिसत होते ते घरांचे तुकडे. आम्ही तो डेब्री बॉल म्हणून वर्गात शिकलो होतो. शेजारच्या बायका गाड्या काढून मुलांना आणायला गेल्या. नवरा ओक्लाहोमा सिटीत, हायवे तुंबलेला. आणि मी, रडार वाचता येणारी, बाथरूममध्ये एकटी.

टोर्नेडो आमच्या उत्तरेला, मूर गावातून गेला. ईएफ-५, सर्वांत वरची श्रेणी. चोवीस माणसं गेली, त्यांतली सात मुलं एकाच प्राथमिक शाळेतली. आम्हाला नॉर्मनमध्ये काही झालं नाही. 'काही झालं नाही' हे वाक्य मी तेव्हापासून किती जणांना ऐकवलंय.

अकरा दिवसांनी एल रेनोचा. चार किलोमीटरहून रुंद, आजवर नोंदलेला सर्वांत रुंद. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे अनुभवी, जपून वागणारे, वादळांचा पाठलाग करून अभ्यास करणारे त्यात गेले. मूर डोळ्यांपुढे असल्यानं लोक गाड्या घेऊन दक्षिणेला पळाले. आम्हीही. हायवेवर बंपरला बंपर लावून उभे, आणि मागे आभाळ काळं. तसं तू कधी करू नकोस. टोळकं त्यानंतर वर्षभर जरा गप्प होतं.

शाळेबद्दल विचारलंयस. प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' असा रकाना असतो. मी मोठ्या अभिमानानं मराठी लिहिलं. झालं! इंग्रजी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी गोष्टी घडाघडा वाचणाऱ्या पोराची चाचणी घेतली, तो तिथे घाबरून गप्प बसला, आणि वर्षभर वाचनाच्या तासाला त्याला वर्गातून उठवून इंग्रजी न येणाऱ्यांच्या खोलीत नेत होते. तीन अर्ज केले. त्या बाईंनी मला घरीही इंग्रजी बोला असं सुचवलं. मुलानं आपणहून मराठी टाकली ती तेव्हा, पुढे मोठेपणी थोडी परत आली. तू काय लिहावंस ते मी सांगणार नाही. माझं मलाच ठरवता आलेलं नाही, कारण २० मेला त्याच बाई कॉरिडॉरमध्ये त्याच्या अंगावर ओणव्या होऊन बसल्या होत्या, सायरन थांबेपर्यंत. मुलगा ते अजून सांगतो. त्यांचे आभार मानायला मी गेले नाही. राग होता ना.

२०१९ मध्ये, नेमक्या २० मेलाच, नकाशा राणी रंगाचा झाला. ओक्लाहोमा सिटीच्या आसपासच्या बऱ्याच शाळांनी आदल्या दिवशीच सुट्टी दिली. आमच्या भागात ढगांनी नुसती हजेरी लावली. मुलगा सातवीत. म्हणाला, आई, तुझं बस्ट झालं. मी इतकी हसले की रडायलाच आलं.

एकटेपणा? असतो. मराठी मंडळी आहेत, गणपतीला भेटतात.

घर भाड्यानं घेशील ते तळमजल्यावर घे. विकत घ्यायची वेळ आली तर गॅरेजच्या जमिनीत पोलादी शेल्टर आहे का ते स्वयंपाकघराच्या आधी बघ. बहुतेक घरांना तळघर नसतं.

आणि शनिवारी दुपारी बाराला सायरन वाजला तर घाबरू नकोस, आभाळ स्वच्छ असलं की दर आठवड्याला चाचणी असते. पहिल्याच वर्षी आईशी बोलताना तो वाजला. तिकडे रात्रीचे साडेदहा. 'कसला गं आवाज?' मी म्हटलं, साखर कारखान्याचा भोंगा. त्यावर ती खूश झाली, म्हणजे गाव आपल्यासारखंच आहे म्हणून. अजूनही मधूनच विचारते, यंदा गाळप कसं चाललंय. मी म्हणते, बरं चाललंय.