अंगठी काढायची कधी? कामाला लागायच्या आधी

प्रश्न : काका नमस्कार. माझे मिस्टर भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कातायचं मशीन) आहेत, बारा वर्षं झाली. साखरपुड्याची अंगठी आणि पुष्कराजाची अशा दोन अंगठ्या कायम हातात असतात, कामावरही काढत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्याच शॉपमध्ये एका मुलाची अंगठी मशीनमध्ये अडकून बोट गेलं, तेव्हापासून हे घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. सासूबाई म्हणतात पुष्कराज उतरवायचा नसतो, आणि हे म्हणतात मी काय नवखा आहे का. खरंच एवढा धोका असतो का? यांना सांगू तरी कसं?
– एक वाचक, दिघी

उत्तर : ताई, धोका आहे, आणि तुम्हाला वाटतोय त्याच्यापेक्षा जास्त आहे. मी स्वतः तीस वर्षं शॉपमध्ये काढलीत, त्यातली शेवटची बरीचशी सेफ्टीचं काम बघण्यात गेली, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये.

लोकांना वाटतं अंगठी अडकली तर बोट कापलं जातं. तसं होत नाही. अंगठी बोटाच्या मुळाशी असते, पुढे पेराचा सांधा जाड असतो, त्यामुळे जोरात ओढली गेली की ती कातडीला घेऊनच पुढे सरकते. ओला हातमोजा उलटा करत काढावा ना, तशी बोटाची कातडी सोलून निघते आणि आत नुसतं हाड आणि त्याला धरलेले स्नायूबंध राहतात. बोटाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि संवेदनेच्या नसा दोन्ही बाजूंनी कातडीखालूनच जातात, त्याही त्याच्याबरोबर तुटतात. म्हणून साध्या कापलेल्या बोटापेक्षा हे बोट वाचवणं अवघड असतं, कारण धारदार वस्तूने कापलं तर रक्तवाहिनी एका जागी तुटते, इथे ती ताणून ताणून लांबपर्यंत खराब झालेली असते. १९८१ मध्ये अमेरिकेतले हाताचे सर्जन जेम्स अर्बानिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखापतीचे तीन प्रकार सांगितले, आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. पहिल्यात रक्तपुरवठा शाबूत असतो, दुसऱ्यात तो तुटलेला असतो आणि मायक्रोसर्जरीने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून, जोडावा लागतो, आणि तिसऱ्यात कातडी पूर्ण निघालेली असते किंवा बोटच गेलेलं असतं.

आता मिस्टरांच्या "मी काय नवखा आहे का" बद्दल. त्यांना एवढंच विचारा की चक, म्हणजे धातूचा तुकडा पकडून फिरवणारा भाग, किती स्पीडला फिरतो. समजा ६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे, सेकंदाला १०. काहीतरी अडकलंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, तेवढ्यात चकाचे अडीच फेरे होऊन गेलेले असतात. हे बारा वर्षांच्या माणसाचंही तेवढंच आणि बारा दिवसांच्या पोराचंही तेवढंच. उलट मी बघितलंय की जुना माणूसच जॉब (घडवायचा तुकडा) फिरता ठेवून पॉलिश पेपर हाताने धरतो, बोटाने चिपा (धातूचे निघालेले तुकडे) बाजूला करतो, आणि पुष्कराज तर बहुतेक जण तर्जनीत घालतात, म्हणजे जे बोट जॉबच्या सगळ्यात जवळ जातं त्यातच. आणि हो, अंगठी झाकायला हातमोजे घालतो असं म्हणाले तर अजिबात ऐकू नका. लेथ आणि ड्रिलवर हातमोजा अंगठीसारखाच ओढला जातो. मनगटावरचा लाल धागा, कडं, घड्याळ, सगळंच काढायचं. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात चालू मशीनची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे असं लिहिलं होतं ते याच कारणाने, फिरत्या मशीनला धरायला काही मिळू नये म्हणून.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांची श्रद्धा आहे आणि मुलाच्या काळजीपोटीच आहे. त्यांना असं सांगा की सकाळी निघताना दोन्ही अंगठ्या देवघरात तबकात ठेवून जातील आणि संध्याकाळी हातपाय धुऊन परत घालतील. माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत हे असंच चालतं आणि घरातल्या मोठ्यांनीच ते लावून दिलंय. गळ्यातल्या चेनमध्ये ओवून घालू असं कुणी सुचवलं तर मशीनवर तेही नको, मान वाकते आणि चेन लोंबते.

अजून एक, हे शॉपमधल्या सगळ्यांना सांगा. बोट तुटलंच तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवलं तर तो भाग गोठून खराब होतो. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हात वर ठेवायचा आणि जिथे मायक्रोसर्जरी होते अशाच हॉस्पिटलला जायचं. असं हॉस्पिटल कुठलं हे आजच विचारून नंबर भिंतीवर लावून ठेवा, त्या दिवशी कुणाला काही सुचत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मशीन वगैरे काही नाही, शेती आहे. ट्रॅक्टरची बॅटरी सोडवताना माझ्या भावाच्या बोटाला अंगठीच्या जागी गोल भाजलं. १२ व्होल्टचा शॉक पण बसत नाही, मग हे कसं काय? तो अजून अंगठी घालूनच काम करतो.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : शॉक बसला नाही हे खरं, भाजलं ते वेगळ्या कारणाने. पान्याचं एक टोक पॉझिटिव्ह टर्मिनलला, आणि अंगठी एकीकडे पान्याला आणि दुसरीकडे ट्रॅक्टरच्या पत्र्याला टेकली की शॉर्टसर्किट झालं. तेव्हा बॅटरीतून शेकडो अँपिअर करंट त्या अंगठीतून जातो, अंगठी क्षणात तापून लाल होते, आणि ती बोटाभोवती गोल असल्यामुळे चारी बाजूंनी भाजतं आणि झटकूनही निघत नाही. भाऊ थोडक्यात वाचला. अंगठी काढून ठेवायची, सोडवताना आधी निगेटिव्ह सोडायचं आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, एवढं त्याला पाठच करून द्या.

आणि शेतात मशीन नाही असं कसं म्हणता, कडबाकुट्टी असेल, मळणी यंत्र असेल. ते नसलं तरी ट्रॉलीच्या फाळक्याला धरून खाली उडी मारतोच ना आपण? फाळक्याच्या हुकात अंगठी अडकली की अख्ख्या शरीराचं वजन त्या एका बोटावर येतं. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पाउलो दियोगो नावाचा फुटबॉलपटू गोलचा आनंद साजरा करायला मैदानाच्या जाळीवर चढला, खाली उडी मारली, लग्नाची अंगठी जाळीत अडकली आणि बोटाचा भाग तिथेच राहिला. तो परत जोडता आला नाही. अमेरिकेतल्या टीव्हीवरचे जिमी फॅलन २०१५ मध्ये घरातच पाय अडखळून पडले, सावरताना अंगठी अडकली, पायातली रक्तवाहिनी काढून बोटात बसवावी लागली आणि दहा दिवस आयसीयूत काढावे लागले. दोघांच्याही जवळपास मशीन नव्हतं.

शेतकऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, साप चावला, गांधीलमाशी चावली किंवा हात मुरगळला तर त्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, सूज चढायच्या आत.

प्रश्न : आईची अंगठी वीस वर्षांत निघालेलीच नाही, आता बोट सुजलंय. कापावीच लागेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी हात पाच-दहा मिनिटं वर धरायला सांगा, मग गार पाण्यात बुडवा आणि साबण लावून हळूहळू फिरवत काढून बघा. नाही निघाली तर दोऱ्याची युक्ती आहे. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला काढा, उरलेला दोरा अंगठीला लागून सुरू करून पेराच्या पुढपर्यंत घट्ट, वेढ्याला वेढा लावत गुंडाळा. मग तळव्याकडचं टोक बोटाच्या शेंड्याच्या दिशेने ओढत सोडवत जा, अंगठी वेढ्यांवरून सरकत पुढे येते. बोट निळसर किंवा बधिर झालं असेल तर यात वेळ घालवू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा, तिथे रिंग कटर असतो. सोन्याची अंगठी कापली तरी सोनार डाग देऊन पुन्हा जोडून देतो. टंगस्टनची असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ती कापत नाही, पकडीने दाबून फोडावी लागते.